प्रतिसाद

कपाळाला ब्रश टेकला आणि प्रभावतीचं सगळं अंग शहारलं. लाल रंग गार होता, पण त्याचं काही नव्हतं. ब्रश धरणाऱ्या मुलीनं दुसऱ्या हाताचा तळवा तिच्या हनुवटीखाली धरला होता, डोकं हलू नये म्हणून. आणि तो तळवा ऊन, जरासा घामट, जिवंत होता. "काकी, झोंबत नाही ना?" मुलीनं विचारलं. "नाही," असं म्हणताना प्रभावतीला आपल्याच आवाजाचं नवल वाटलं, खूप दिवस बंद असलेल्या नळातून आधी नुसती हवा यावी तसा तो आला. आपल्याला शेवटचा कुणाचा हात कधी लागला होता, हे ती आठवू लागली. भाजीवाली सुटे पैसे वरून तळहातावर टाकते. दवाखान्यातला मुलगा दंडाला पट्टा गुंडाळतो खरा, पण तो पट्टाच. मुलगा, अभय, दिवाळीला पुण्याहून आला होता, वाकून नमस्कार केला होता त्यानं, म्हणजे त्याची बोटं तिच्या पावलांना लागली असणार. पण पायात मोजे होते. एवढं आठवून झालं तोवर मुलीनं हात काढून घेतला होता आणि जिथे तळवा होता तिथे पंख्याचं वारं लागत होतं.

मुलीचं नाव दर्शना. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात ती कामाला होती आणि आजची रंगीत तालीम तिनंच बसवली होती. मे संपत आला की पावसाळ्याआधी अशी तालीम होतेच. यंदा चक्रीवादळात शाळेच्या इमारतीचा काही भाग कोसळला आहे, आत माणसं अडकली आहेत, असं धरून चालायचं होतं. शाळेला सुट्टी, त्यामुळे इमारत मोकळी. कॉलेजची पोरंपोरी जखमी व्हायला उत्साहानं तयार झाली, पण वयस्कर माणसंही हवीत, खऱ्या आपत्तीत तीच जास्त अडकतात, असं दर्शनाचं म्हणणं. म्हणून नाचणे रोडवरच्या सोसायट्यांतून विचारणा झाली. सेक्रेटरी प्रमोदनं प्रभावतीची बेल वाजवली ती कुणीच तयार होईना म्हणून. "नुसतं पडून राहायचंय, मावशी," तो म्हणाला होता. "काही करायचं नाही." तिला हसू आलं होतं. जिल्हा परिषदेतून निवृत्त झाल्यापासून ती दुसरं काय करत होती? ती हो म्हणाली, आणि दार लावल्यावर आपण हो का म्हणालो म्हणून बराच वेळ दाराशीच उभी राहिली.

सकाळी सगळ्यांना एका वर्गात बसवून दर्शनानं फळ्यावर खडूनं एक गोल काढला आणि त्याचे चार भाग केले. धोका कमी करणं, पूर्वतयारी, प्रतिसाद, पुनर्वसन. "हे चक्र आहे," ती म्हणाली. "एक आपत्ती संपते तिथंच पुढच्या आपत्तीची तयारी सुरू होते." पोरं वहीत उतरवून घेत होती. प्रभावती मागच्या बाकावर गुडघे आखडून बसली होती आणि तिसऱ्या शब्दाकडे बघत होती. प्रतिसाद. ऑफिसात हा शब्द तिनं किती मसुद्यांत लिहिला असेल. योजनेला उत्तम प्रतिसाद, शिबिराला अल्प प्रतिसाद. त्या शब्दाच्या आत साद आहे हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आधी कुणीतरी साद घालायची, मग दुसऱ्या कुणीतरी तिला ओ द्यायची. आणि चौथा भाग? नणंद गोदा राहते ती वसाहत, ते पुनर्वसन. डोंगरापासून लांब, सपाट माळावर, एकाच मापाची, एकाच पिवळ्या रंगाची घरं. तिथे एक घर तिच्याही नावानं आहे. किल्ली गोदाकडे आहे. प्रभावती आजवर तिथे गेलेली नाही. दर्शनाच्या गोलात आपण नेमक्या कुठे बसतो, हे तिनं डोळ्यांनीच शोधून पाहिलं. तिला वाटलं, आपण गोलाच्या आत नसू. बाहेरच्या काळ्या भागात, खडू लागलेला नाही तिथे कुठेतरी.

आता गळ्यात एक पुठ्ठा अडकवून दर्शनानं तिला पहिल्या मजल्यावर नेलं. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, 'बेशुद्ध. डोक्याला मार.' प्रयोगशाळेच्या मागे सामानाची छोटी खोली होती. एक मोठं लोखंडी कपाट, गुंडाळलेले नकाशे, तुटकी स्टुलं. कपाटाच्या पलीकडे भिंतीलगत दर्शनानं सतरंजी अंथरली. "तुम्ही बेशुद्ध आहात, त्यामुळं हाक मारली तरी उत्तर द्यायचं नाही. शोध पथकानं तुम्हाला स्वतःहून शोधून काढायला हवं. जमेल ना, काकी?" जमेल, ती म्हणाली. आडवं होताना कंबरेत कळ आली तेव्हा दर्शनानं पाठीखाली हात घातला. मग ती गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरत उतरत नाहीसा झाला आणि खोलीत फिनेलचा, जुन्या कागदाचा आणि कसल्या तरी आंबूस औषधाचा वास उरला.

काही वेळ काहीच झालं नाही. छतावरची पाल मधूनच चुकचुकत होती. खालून पोरींचं खिदळणं ऐकू आलं, मग कुणीतरी त्यांना दटावलं. मग भोंगा झाला. लांबलचक, वर चढत जाणारा. खोटा आहे, ती स्वतःला म्हणाली. खालचे मुलगे "वाचवा, वाचवा" ओरडू लागले, नाटकात ओरडतात तसे, आणि त्यातला एक मध्येच हसला. सासरच्या वाडीवर भोंगा झाला नव्हता. वाडीवर काहीच झालं नव्हतं, पाऊस तेवढा तीन दिवस पडत होता, आणि चौथ्या पहाटे वरचा डोंगर सुटला. एवढा मोठा डोंगर सुटतो आणि तिला रत्नागिरीत, पंख्याखाली, काहीच कळत नाही, हे तिला अजून खरं वाटत नसे. त्या पहाटे ती झोपली होती. चांगली झोपली होती. उठून तिनं चहा केला, टीव्ही लावला, आणि पडद्याच्या खालून सरकत जाणाऱ्या पट्टीत तिला आपल्या वाडीचं नाव दिसलं. ते नाव टीव्हीवर येण्यासारखं नव्हतंच. वाडीला डांबरी रस्तासुद्धा नव्हता.

काशीराम आणि ती, दोघं मिळून एका घरात किती राहिले? लग्न झालं तेव्हा तो मुंबईत गोदीत होता आणि तिला इथे नुकतीच नोकरी लागली होती. सरकारी नोकरी सोडू नकोस, असं तोच म्हणाला. तो यायचा चौदा एप्रिलला, वैशाख पौर्णिमेला, मे महिन्यात थोडा. की मग परत. तो आला की पहिले दोन दिवस तिला घरात पाहुणा आहे असं वाटायचं. त्याचा टॉवेल कुठे टांगायचा हा प्रश्न पडायचा. आणि तो टॉवेल खुंटीवर दिसण्याची सवय होते न होते तोवर तो बॅग भरायला लागायचा. पुढे घरी फोन आला, मग मोबाइल आले, आणि त्यांचा संसार रोज रात्री फोनवर होऊ लागला. "मग? बाकी?" "बाकी काही नाही." "ठेवू?" "ठेवा." मध्ये लांब लांब शांतता असायची. त्याच्या बाजूनं कुणाचा तरी रेडिओ, गाडीचा हॉर्न. तिच्या बाजूनं कुकरची शिटी. त्या शांततेचं तिला कधी ओझं वाटलं नाही. तो तिकडे श्वास घेतोय हे ऐकू यायचं. निवृत्त झाल्यावर तो तिच्याकडे राहायला येईल असं तिनं धरलं होतं, आणि त्याची थोडी धास्तीही घेतली होती. पण तो गेला वाडीवर. वडिलांच्या जागेवर त्यानं चिऱ्याचं घर बांधलं, स्लॅबचं. "तुझी दोन वर्षं राहिलीत ना? संपली की ये इकडं," तो म्हणाला. "म्हातारपणी तरी एका छपराखाली राहू." डोंगर सुटला तेव्हा तिची दोन वर्षं संपायला थोडे महिने होते.

पावलं वाजली. बूट होते. प्रयोगशाळेचं दार ढकललं गेलं, स्टुलं सरकली, दोन पुरुषांचे आवाज. प्रभावतीनं डोळे मिटून घेतले. उगीचच छाती धडधडू लागली, लहानपणी लपंडावात राज्य घेणारा जवळ आला की धडधडायची तशी. "आत कोण हाय काय?" एकानं हाक दिली. ती बेशुद्ध होती. या खोलीचं दार उघडलं. पापण्यांवरून बॅटरीचा उजेड सरकला, कपाटावर थांबला, निघून गेला. "सामान हाय नुसतं. चल, वरती बघू." दार लागलं. बूट लांब गेले.

ती तशीच पडून राहिली. परत येतील. दुसरं पथक असेल. वरचा मजला बघून खाली उतरताना बघतील. जमिनीचा गारवा सतरंजीतून पाठीत चढत होता, बाहेर एवढं उकडत असूनही. खांदा सुन्न झाला होता. तिला काशीरामचे केस आठवले. तिसऱ्या दिवशी तो सापडला तेव्हा तिकडच्या शाळेच्या व्हरांड्यात तिला बोलावलं आणि चादरीचा कोपरा थोडासाच उचलला. चेहरा बघू नका, कुणीतरी म्हणालं. तिनं केस पाहिले. मातीतही ते काळेभोर दिसत होते, नुकते रंगवलेले. तो केस रंगवतो हे तिला माहीत नव्हतं. भोवती बायका रडत होत्या आणि ती मात्र विचार करत होती, कधी रंगवले, कुणाकडून, कशासाठी. "लगेच गेले असतील," सगळे म्हणाले. तलाठी म्हणाला, डॉक्टर म्हणाले, विहारात पुण्यानुमोदनाच्या दिवशी आलेला जो तो म्हणाला. "काही कळलंसुद्धा नसेल त्यांना." तिनं प्रत्येकाला मान डोलावली होती. अभयनंही तेच वाक्य इतक्या वेळा म्हटलं की ते त्याला स्वतःलाच ऐकवायचं आहे हे तिला कळलं, आणि मग तिनं कुणालाच काही विचारलं नाही. गोदालाही नाही. गोदा काशीरामची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर माहेरच्या वाडीतच, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या अंगाला राहायची. डोंगर अलीकडे आला, पऱ्यापलीकडे गेला नाही, म्हणून ती वाचली. काशीरामला शेवटचं बघितलं ते तिनं. दर रविवारी गोदाचा फोन येतो, आणि बोलणं त्या बाजूला वळतंय असं वाटलं की प्रभावती म्हणते, गॅसवर दूध आहे.

बाहेर मैदानात शिट्टी झाली. मग ध्वनिक्षेपक खरखरला. "शोध आणि बचाव मोहीम समाप्त झाली आहे. इमारतीत अडकलेल्या सर्व जखमींना सुखरूप बाहेर काढण्यात आलेलं आहे." टाळ्या झाल्या. बऱ्याच झाल्या. प्रभावती छताकडे बघत होती. सर्व जखमींना. तिला राग आला नाही, हसूही आलं नाही. उलट अंगातून काहीतरी सैल होत गेलं. आता कुणी येणार नव्हतं. वाट बघायची नव्हती, बूट वाजतात का म्हणून कान द्यायचे नव्हते, कुणाला बरं दिसावं म्हणून तोंड नीट ठेवायचं नव्हतं. इथेच पडून राहिलं तरी चालेल. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. तिच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी ती गॅलरीतल्या खुर्चीत बसते, अंधार पडतो तरी दिवा लावत नाही, तेव्हा हेच होतं, अगदी हेच. आणि तिला इतके दिवस ते शांत वाटत आलं होतं. पाल भिंतीवरून खाली उतरली, तिच्याकडे बघून थांबली, आणि काही धोका नाही असं ठरवून तिच्या पायापाशी आली.

पालीनं तसं ठरवलं याचीच तिला भीती वाटली. ती ताडकन उठून बसली. पायाला मुंग्या आल्या होत्या. कपाटाला धरून उभी राहिली, भिंतीला धरून जिना उतरली.

मैदानात मांडवाखाली चहा चालला होता. वडापावचा वास येत होता. रंग लावलेल्या पोरी एकमेकींचे फोटो काढत होत्या, अँब्युलन्सचा ड्रायव्हर दार उघडं टाकून पेपर वाचत होता. कुणीतरी तिच्या हातात चहाचा कप दिला. "काकी, रंग पुसून घ्या, साडीला लागेल." कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. कप हातात घेऊन ती माणसांमधून वाट काढत दर्शनापाशी गेली. दर्शना एका जाड चष्म्याच्या साहेबांशी बोलत होती.

"मी राहिले," प्रभावती म्हणाली.

"काय राहिलं, काकी? नाश्ता?"

"मी राहिले वर. मला कोणी काढलं नाही."

दर्शनाचा चेहरा उतरला. तिनं प्रभावतीच्या गळ्यातल्या पुठ्ठ्याकडे बघितलं, मग इमारतीकडे. साहेब हसले. "अरेच्चा! बरं, आल्या ना खाली सुखरूप. होतं असं कधी कधी. अहो, म्हणूनच तर तालीम घ्यायची. नोंद करून घेऊ आपण. चहा घ्या, बाई."

"परत शोधा," प्रभावती म्हणाली. आपण हे म्हणणार आहोत हे तिला म्हणेपर्यंत ठाऊक नव्हतं.

"म्हणजे?"

"मी वर जाऊन झोपते. मला परत शोधा."

"बाई, ही रंगीत तालीम आहे."

"माहीत आहे. मला खरंच काही झालेलं नाही, तेही माहीत आहे." तिनं कप टेबलावर ठेवला. "पण तुम्ही आत्ता मायकवर सांगितलंत, सगळे बाहेर आले. मी आत होते, मी ऐकलं ते. आतल्या माणसाला ऐकू येतं, साहेब."

भगवी जॅकेटं घातलेल्या स्वयंसेवकांतून एक मध्यम वयाचा, काटकुळा माणूस पुढे आला. पावसकडचा होता, आंब्याच्या बागेत काम करायचा. धोंडू म्हणत त्याला. "मीच दार उघडलं होतं त्या खोलीचं," तो दर्शनाला म्हणाला. "कपाटाच्या पाठी बघायला पायजे होतं. नाय बघितलं." मग प्रभावतीकडे वळून, "काकी, तुम्ही वर जावा. आम्ही येतो." साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. दर्शनानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती ध्वनिक्षेपकाकडे गेली.

प्रभावती पुन्हा जिना चढली. पुन्हा त्या कपाटामागे, भिंतीलगत. आता मात्र तिला लाज वाटू लागली. या वयात हट्ट करून चारचौघांना वेठीला धरलं. उद्या सोसायटीत प्रमोद सांगत फिरेल. तेवढ्यात दर्शनाचा आवाज आला. "सगळ्यांनी आहात तिथं थांबा. बोलू नका. जनरेटर बंद करा, गाड्या बंद करा. आता आपण आतल्या माणसाचा आवाज ऐकणार आहोत." एकेक करून आवाज विझत गेले. जनरेटर थांबला तेव्हा कळलं की तो इतका वेळ चालू होता. मग एक शांतता पसरली, मैदानातल्या सगळ्या माणसांनी मिळून धरलेली. लांबून मांडवीकडचा समुद्र असेल किंवा नुसताच वारा, काहीतरी घुमत होतं. एक घार ओरडली.

वाडीवर अशी शांतता कुणी केली होती का? प्रभावतीला पोकलेन आठवला. दोन दिवसांनी रस्ता मोकळा झाला आणि ती पोचली तेव्हा तो पिवळा पोकलेन चिखलात घरघरत होता, आणि अंधार पडेपर्यंत थांबला नाही. माणसं ओरडून बोलत होती कारण पोकलेनच्या आवाजात ऐकू येत नव्हतं. सगळ्यांनी जीव तोडून काम केलं, तिनं पाहिलं होतं ते; जवानांच्या हातांची सालटी निघाली होती. पण तो पोकलेन कुणी थांबवला होता का, एकदा, चिमूटभर वेळ? आणि थांबवला असता तर? लगेच गेले असतील. त्यांना काही कळलंही नसेल. आणि कळलं असेल तर? तिच्या अंगाखालची जमीन गार होती. या प्रश्नाला तिनं इतकी वर्षं अंगाला शिवू दिलं नव्हतं, आणि आता तो तिच्याशेजारी सतरंजीवर येऊन आडवा झाला होता. आणि ती सरकली नाही.

"आत कोणी असेल तर आवाज द्या!" जिन्यावरून धोंडूची हाक आली. मग पुन्हा शांतता. "आवाज देता येत नसेल तर ठोका!"

ती बेशुद्ध होती. पुठ्ठ्यावर तसं लिहिलं होतं. उत्तर द्यायचं नाही असं तिला बजावलं होतं आणि सबंध नोकरीत वरून आलेली सूचना तिनं कधी मोडली नव्हती. तिनं तोंड उघडलं. घशातून काहीच आलं नाही. तिला खरोखरच घाम फुटला. पुन्हा प्रयत्न केला तर नुसता श्वास. मग तिनं हाताची मूठ वळली आणि कपाटावर मारली. लोखंड घणाणलं. तिनं पुन्हा मारली, पुन्हा, बांगडी पिचली तरी मारत राहिली, आणि त्या आवाजाच्या मागून कुठून तरी तिचा आवाज आला, घोगरा, मोठा, तिचा नसावा असा: "इथे आहे! अहो, मी इथे आहे!"

बूट धावत आले. कपाट सरकवलं गेलं, भगभगीत उजेड आत शिरला. धोंडू गुडघ्यांवर बसला आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आलो, काकी. आलो. उठू नका तुम्ही." तिनं त्याचा हात धरला. तालमीत असं धरायचं असतं की नाही तिला माहीत नव्हतं. हात खरखरीत होता, त्याला कैरीच्या चिकाचा वास येत होता. त्यानं तो सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानंच त्यानं बाकीच्यांना खुणा केल्या, तिला स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे आवळले. जिना उतरताना छत तिच्यावरून मागे सरकत गेलं, मग एकदम आभाळ आलं, आणि आभाळाच्या कडेनं पुष्कळ चेहरे तिच्याकडे वाकून बघत होते. कुणी हसत नव्हतं. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

दर्शनानं तिला स्कूटरवरून घरी सोडलं. सोसायटीच्या फाटकाशी ओल्या रुमालानं तिचं कपाळ पुसता पुसता ती म्हणाली, "काकी, माझं चुकलं. मोजणी मीच करायला हवी होती. खूप भीती वाटली का तुम्हाला, एकटीला?"

प्रभावतीनं विचार केला. "कोणी येणार नाही म्हटल्यावर बरं वाटायला लागलं मला," ती म्हणाली. "भीती त्याची वाटली."

दर्शनानं बाटलीतलं पाणी पुन्हा रुमालावर ओतलं आणि रंग गेला होता तिथेही परत पुसलं.

जिना चढून प्रभावती घरात आली. गॅलरीतल्या खुर्चीत बसली नाही. चार वाजले असतील. समोरच्या इमारतीत कुणीतरी आंब्याचा रस आटवत होतं, त्याचा गोड वास आत येत होता. हातपाय धुऊन, बांगडीनं कापलेल्या ठिकाणी हळद लावून ती बाजेवर बसली आणि फोन मांडीवर घेतला. फोन हातात घेऊन बसणं तिला अवघड गेलं. डोंगर सुटायच्या आदल्या रात्रीही तो असाच घेतला होता. दोन दिवस लागत नव्हता तसा तेव्हाही लागला नाही. एकदा लावून बघितला, संपर्क क्षेत्राच्या बाहेर, म्हणून बाजूला ठेवला, आणि आज बोलायचं नाही तर लवकर पडू, असं म्हणून ती झोपली होती. तिनं गोदाचा नंबर लावला.

"वयनी?" गोदाचा आवाज घाबरा झाला. "काय गो झालं? आज काय रयवार न्हाय."

"काही झालं नाही. गोदा, मला एक विचारायचंय." दुधाची आठवण तिला झाली नाही. "त्या संध्याकाळी ते तुझ्याकडे आले होते ना?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. वसाहतीत कुठेतरी कोंबडं आरवलं, अवेळीच.

"आल्ते," गोदा म्हणाली. "जेवायला आल्ते. मी म्हटलं, दादा, आज हितंच पडा, पऱ्याला पानी चढतंय. तर न्हाय म्हनले. म्हनले, ती फोन करील. त्या घरात मागच्या खिडकीतच काय ती रेंज यायची ना. मी म्हटलं, अवो, दोन दिस फोन बंद हाय, कसा करील? तर म्हनले, नि चालू झाला तर? तिनं लावला नि मी उचलला न्हाय, तर ती घाबरी होयल. साकवावरनं गेले टॉर्च घेऊन. मी दारात हुबी. पलीकडं पोचल्यावर टॉर्च हलवून दाखवलान, पोचलो म्हनून. मंग दार लावलं मी."

बाजेची कड प्रभावतीनं घट्ट धरली होती. एकदाच लावला होता. एकदाच. तिकडे तो खिडकीशी बसला असेल, फोन हातात धरून; किती वेळ बसला असेल, कधी उठला असेल, की उठलाच नसेल? हे आता तिला कधीच कळणार नव्हतं, आणि यापुढे रोज हे तिच्या बरोबर राहणार होतं. पण एका बाजूला, लाज वाटावी अशी, एक ऊबही तिच्या छातीत पसरत होती. कुणीतरी तिच्यासाठी जागं राहिलं होतं.

"वयनी, रडतंस काय? म्हनून सांगत नव्हते मी. तू कधी इचारलंस न्हाय, नि मना वाटायचं, सांगितलं तर तुज्या जीवाला लागून ऱ्हायल. दर रयवारी फोन लावताना म्हनायचे, आज सांगते. मंग तुजं दूद उतू जायचं."

"हं," प्रभावती म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत होतं, नाकातून येत होतं, आणि ते पुसायला तिनं हात उचलला नाही. फोन दुसऱ्या कानाला लावला. "गोदा, कालवण काय केलं होतंस?"

"आं?"

"त्या रात्री. ते जेवले ना तुझ्याकडे? काय केलं होतंस जेवायला?"

"कुळथाची पिठी," गोदा म्हणाली. "नि सुकं बोंबील भाजलेलं. त्यात काय सांगायचं, वयनी?"

"मला सांग ना," प्रभावती म्हणाली. "आले तेव्हापासून सांग. मला कुठे जायचं नाहीये."

गोदा खाली बसली असावी. तिचा आवाज जमिनीजवळून येऊ लागला. तिनं अगदी पहिल्यापासून सुरुवात केली, लाकडं भिजली होती, चूल पेटत नव्हती आणि दादा बाहेरूनच ओरडत आले, बाजूला सर, मी फुंकतो, तिथपासून.